उलटं झाकण

मंगळवार, ४ फेब्रुवारी

टिटवे,

मी ताईकडे, तुझ्या मावशीकडे, सुखरूप आहे. हे तीन दिवसांनी कळवतेय, कारण फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर एक तर मी रडले असते नाही तर तोंडाला येईल ते बोलले असते. दोन्ही मला करायचं नव्हतं. जावईबापूंनी ताईला तीनदा फोन केला. त्यांना सांग, मी जेवते, झोपते, औषधं घेते. आणि त्या दिवशी सगळ्यात आधी टाळ्या त्यांनी वाजवल्या होत्या, हेही माझ्या लक्षात आहे.

तुला वाटत असेल, एवढ्याशा गोष्टीवरून आई घर सोडून गेली. अळंबीच तर होती, विष थोडंच होतं. शिवाय चांगल्यासाठीच केलं. हे सगळं तुझ्या बाजूने माझं स्वतःशी बोलून झालं आहे, तेव्हा तू परत लिहू नकोस.

माझा सत्तरावा वाढदिवस. टेबलाभोवती तुम्ही दोघं, शेजारचे काका-काकू आणि तुझी ती आहारतज्ज्ञ मैत्रीण. मला वाटलं, दोन शब्द चांगले बोलणार असशील म्हणून उभी राहिलीस. तू वही काढलीस आणि वाचायला लागलीस. बारा ऑक्टोबर, कुस्करलेल्या बटाट्यात अळंबीची पूड दोन चमचे, आई म्हणाली, आज बटाटा छान शिजलाय. नऊ नोव्हेंबर, सूपमध्ये सोयाबीनचं पीठ, आई म्हणाली, हे बघ, साधं जेवण ते साधं जेवण. त्यावर शेजारचे काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाच महिने, टिटवे. पाच महिन्यांत मी जे जे म्हणाले ते तू तारीखवार लिहून ठेवलंस आणि केक कापायच्या आधी सगळ्यांना वाचून दाखवलंस.

तुझी मैत्रीण म्हणाली, बघा काकू, नवीन पदार्थ तुम्हाला आवडत नाहीत असं नाहीच, तुम्हाला फक्त भीती वाटते, या वयात सगळ्यांनाच वाटते. मी हसले. केकही खाल्ला. तुम्हाला वाटलं आईने मजेत घेतलं. सकाळी तू खाणावळ उघडायला गेलीस तेव्हा मी बॅग भरली.

एक गोष्ट त्या वहीत नव्हती. ती मी सांगते. नोव्हेंबरातच एके दुपारी घास दाताखाली जरा चिवट लागला. मी तुला विचारलं, यात काय आहे? तू भांडी पुसत होतीस. माझ्याकडे वळलीस आणि म्हणालीस, "बटाटाच आहे गं आई. दुसरं काय असणार?"

मी विचारलं होतं. हे विसरू नकोस.

— आई


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

टिटवे,

तुझं पत्र मिळालं. चार पानं लिहिलीस, त्यातली तीन माझ्या वजनाबद्दल आहेत. सात किलो कमी झालं, रक्तातलं अमुक घटलं, डॉक्टर काय म्हणाले, तू किती घाबरलीस. मी पाव-दूध, बटाटा, अंडं आणि चहा एवढ्यावर वर्ष काढलं, दुसरं काही पुढे केलं की ताट सरकवलं, मग तू काय करायचं होतंस, असं विचारलं आहेस. भांडायचं होतंस. तुला भांडता येत नाही असं तर कुणीच म्हणणार नाही. लहानपणी सगळी आळी उठवायचीस म्हणून तर टिटवी नाव पडलं.

तुला हॉस्पिटलमधल्या खिडकीजवळच्या आजोबांची गोष्ट मी सांगितली होती. आठवत नसेल तर परत सांगते. एकतीस वर्षं मी त्या स्वयंपाकघरात काढली, त्यातली ही बाविसाव्या वर्षातली. ते आजोबा रोज ताट आलं की विचारायचे, यात काय आहे? मी वॉर्डात जाऊन सांगायची, गाजर आहे, दूध आहे, मीठ नाही. ऐकून झालं की जेवायचे. एकदा नर्सने त्यांना नको असलेली गोळी कुटून खिरीसारख्या पातळ भातात घातली. त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, नुसता भात आहे. कण दाताखाली आला. त्यानंतर ते कुणाच्याच हातचं खाईनात, माझ्याही नाही. पाण्याचा पेला उजेडाकडे धरून बघायचे. त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात नियम केला. पेशंटने विचारलं की ताटात काय आहे ते खरं सांगायचं. खाल्लं तर खाल्लं. तू तेव्हा शाळेतून थेट माझ्याकडे यायचीस आणि पिंपावर बसून गृहपाठ करायचीस. हा नियम तू ऐकत मोठी झालीस. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी एवढी पेटले नसते.

इथे ताई मजेत आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण बाजारात नवीन काही दिसलं की घेतलंच म्हणून समज. काल एक फळ घेऊन आली, बाहेरून काटेरी, आतून जांभळं, नाव तिलाही माहीत नाही, विकणाऱ्यालाही नव्हतं. चमच्याने कोरून खाल्लं, डोळे मिटले आणि म्हणाली, साबण लागतोय पण चांगल्यातला. मला चमचा पुढे केला. मी नको म्हटलं. म्हणाली, तू लहानपणी माती खायचीस, तेव्हा बरं चालायचं. तिच्याशी कोण वाद घालणार. सकाळी आम्ही दोघी भाजी आणायला जातो, तिसऱ्या मजल्यावरून खाली आणि परत वर. लिफ्ट नाही.

आता तू विचारशील, मग गुडघ्यांचं काय? गुडघे दुखतात म्हणून ऑगस्टपासून खाणावळीत पाऊल ठेवलं नाहीस ना? ते राहू दे. इथली हवा कोरडी आहे.

— आई


शनिवार, २२ फेब्रुवारी

टिटवे,

काल इथे एक गोष्ट घडली. ताई ती तुला फोनवर सांगणारच, आणि तिखटमीठ लावून सांगणार. त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक.

सकाळी ताई अंघोळीला गेली होती. मी रात्रीचं दूध वाडग्यात घेतलं, पाव बुडवून खाल्ला, तिच्यासाठी एक पेला झाकून ठेवला. ती आली, पेला तोंडाला लावला आणि मोरीत थुंकली. दूध खराब झालं होतं. फाटलं नव्हतं, नुसतं आंबलं होतं. दारातून वास येत होता म्हणे. मी वाडगाभर खाऊन बसले होते.

ताई डबे उघडायला लागली. कॉफीचा डबा माझ्या नाकाखाली धरला, मग लसूण, मग रॉकेलची बाटली. डोळे मिट म्हणाली आणि जिभेवर काहीतरी ठेवलं. मी म्हटलं, साखर. ते मीठ होतं.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

दोन वर्षं झाली. तो ताप आला होता बघ, आठवडाभर, तू खाणावळ इतरांवर सोडून उशाशी बसली होतीस. ताप गेला आणि नाक-तोंड घेऊन गेला. आधी वाटलं येईल परत. महिना झाला, दोन झाले. एके दिवशी तू केलेलं अंडं खाल्लं आणि तू विचारलंस, कसं झालंय? मी म्हटलं, छान. त्या दिवशी पहिल्यांदा खोटं बोलले आणि मग सवय लागली.

आता तुला कळेल की मी ताट का सरकवत होते. बटाटा तोंडात गेला की मला काही लागत नाही, पण आठवतं. सत्तर वर्षं खाल्लेले बटाटे मदतीला येतात. पाव म्हटलं की माझ्या आईच्या हातचा गरम पाव येतो. जीभ मेली तरी आठवण जेवते. पण तुझी ती अळंबी मी जन्मात खाल्ली नव्हती. सोयाबीन नाही, ते हिरवं पान नाही, समुद्रातलं ते काळं काहीतरी नाही. त्यांच्या मागे कुणीच नाही. तोंडात नुसतं ओलं, मऊ, गरम काहीतरी फिरतं आणि गिळायला सांगतं. अंधारात कुणी तोंडात बोट घालावं तसं होतं. म्हणून नको म्हणत होते. तुझी मैत्रीण भीती म्हणाली. भीतीच होती, पण तिला वाटते ती नव्हे.

तुझ्या वहीचा मला राग का आला, ते आता समज. त्या वहीतल्या प्रत्येक ओळीत माझं बिंग होतं. छान शिजलाय, साधं जेवण ते साधं जेवण. तू वाचत होतीस आणि मला वाटत होतं, आता ही म्हणेल, आईला चवच कळत नाही. तू ते म्हणाली नाहीस. तुला वाटलं, आई हट्टी आहे. मला बरं वाटलं आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. पाच महिने माझ्या तोंडाकडे बघून लिहीत होतीस, टिटवे, आणि एकदाही दिसलं नाही तुला?

ताई म्हणते, टिटवीला का नाही सांगितलंस? मी उठून वाडगा घासायला घेतला.

— आई


बुधवार, २६ फेब्रुवारी

टिटवे,

तू फोनवर रडलीस असं ताई म्हणाली. मला रिसीव्हर देत होती, मी घेतला नाही. उद्या गाडीत बसून तू इथे येणार आहेस म्हणे. येऊ नकोस. आधी हे वाच. मग यावंसं वाटतं का बघ.

का नाही सांगितलं, तर खाणावळीमुळे. तू ती काढलीस ती माझ्या जिभेच्या भरवशावर. लोकांना सांगायचीस, आईने चाखल्याशिवाय पातेलं बाहेर जात नाही. रोज अकरा वाजता मी शेगड्यांपुढून फिरायची, चमचा लावायची आणि मान हलवायची. सगळे माझ्या मानेकडे बघत उभे असायचे. घरात मला कोण विचारतं, टीव्ही कुणाच्या हातात, दिवाणखान्यात कुणाचे पाहुणे. पण अकरा वाजता मी होते. ते मला सोडवेना. दीड वर्षभर मी काही न कळता मान हलवली. रंग बघायचा, पळीवरून कसं सांडतं ते बघायचं, उकळीचा आवाज ऐकायचा. एकतीस वर्षांच्या सवयीवर पुष्कळ निभतं. जे कळत नव्हतं ते आचारीदादांच्या हातावर सोडायची. त्यांचा हात कधी चुकत नसे.

मीठ घातलं की झाकण उलटं ठेवायचं, हा माझाच हॉस्पिटलचा नियम. चार जण एका पातेल्यापाशी काम करतात, दोघांनी मीठ घालू नये म्हणून. ऑगस्टातल्या त्या सोमवारी सुपाच्या मोठ्या पातेल्यावर झाकण उलटं होतं. मी ते उचललं, चमचा लावला, काहीच कळलं नाही, नेहमीसारखं. तेवढ्यात दारात पाववाला आला, तू हाक मारलीस, आणि मी झाकण ठेवून दिलं. सरळ ठेवलं. पाव मोजून घेतले आणि परत आले तर झाकण सरळ दिसलं. जिच्या तोंडात जीभ आहे ती बाई एक थेंब चाखून सांगेल की मीठ पडलंय. मी चाखलं. मग झाकणावर विश्वास ठेवला आणि ओंजळभर मीठ घातलं. झाकण उलटं केलं.

पुढचं तुला माहीत आहे. साठ ताटं परत आली. ऑफिसातल्या त्या उंच माणसाने वाडगा तुझ्यासमोर आदळला. तू आत आलीस आणि सगळ्यांसमोर मला विचारलंस, "आई, तू चाखलं होतंस ना?"

मी म्हटलं, "चाखलं होतं. तेव्हा बरोबर होतं."

आचारीदादा म्हणाले, मी एकदाच घातलं, झाकण उलटं ठेवलं होतं. तू त्यांच्याकडे बघितलंसही नाहीस. त्या महिन्यात तशीच दोन-तीन पातेली बिघडली होती. ती पण मीच पास केलेली. आई म्हणते बरोबर होतं म्हणजे बरोबर होतं, असं तू म्हणालीस. तेरा वर्षं काम केलेल्या माणसाने अंगातला ॲप्रन काढला, नीट घडी घातली, स्टुलावर ठेवला आणि गेला. मी ओट्याला टेकून उभी होते. तोंड उघडायला मला सगळा दिवस होता.

दुसऱ्या दिवसापासून माझे गुडघे दुखायला लागले.

तू माझ्याकडे बघून खोटं बोललीस म्हणून मी घर सोडलं. मी तुझ्याकडे बघून खोटं बोलले, तेव्हा दुसऱ्याच माणसाला जावं लागलं. हे लिहायला मला चार पत्रं लागली. आता यायचं तर ये, नाही तर नको.

— आई


रविवार, ९ मार्च

टिटवे,

तू आली नाहीस. पत्रही नाही. दहा दिवस मी जिन्यात पाऊल वाजलं की दाराकडे बघत होते. तुला राग आला असेल तर तो बरोबर आहे. मी तो अर्धा करायला सांगणार नाही.

गुरुवारी मी आचारीदादांना भेटून आले. पत्ता खाणावळीच्या पाववाल्याला फोन करून मिळवला. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आहेत, दुसऱ्याच्या हाताखाली. दोन बसेस बदलाव्या लागल्या. मनात सगळं पाठ करून गेले होते, कुठून सुरुवात करायची, काय काय सांगायचं.

त्यांनी मला दारात बघितलं आणि हातातला सुरा ठेवून धावत आले. आई, आई म्हणत आत नेलं. तिथल्या मुख्य आचाऱ्याला आणि भाजी निवडणाऱ्या दोन बायकांना म्हणाले, या हॉस्पिटलच्या आई, यांनी मला शिकवलं, यांची जीभ कधी चुकत नाही. मी थांबवायच्या आत त्यांनी पातेल्यातून चमचा भरला, फुंकर घातली आणि माझ्यापुढे धरला.

"आई, मीठ बघा."

चौघं माझ्या मानेकडे बघत उभे राहिले. अकरा वाजले होते.

मी तोंडात घेतलं. गरम होतं. मी म्हटलं, "मला कळत नाही."

ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग मी म्हटलं, "दोन वर्षं मला चव कळत नाही. त्या दिवशी दुसऱ्यांदा मीठ मी घातलं."

त्यांनी गॅस बारीक केला. चमचा नळाखाली धरला आणि बराच वेळ धूत राहिले. भाजी निवडणाऱ्या बायकांनी खाली माना घातल्या. मग पाठमोरेच म्हणाले, "झाकण उलटं होतं ना?"

"उलटं होतं. मी सरळ केलं."

ते मान हलवत राहिले. म्हणाले, बायकोला सांगतो. तिला वाटत होतं माझा हात गेला. मग मलाही वाटायला लागलं. इथे आल्यापासून प्रत्येक पातेलं चार-चारदा चाखतो. एवढंच बोलले. रागावले नाहीत. बसा असंही म्हणाले नाहीत, आणि मी उभीच होते. परत येता का विचारलं तर म्हणाले, तिकडे नको. दारापर्यंत सोडायला आले आणि तिथे एकच वाक्य बोलले, ते तुझ्यासाठी आहे. म्हणाले, टिटवीताईंनी मला एकदा विचारायचं होतं.

तू त्यांच्याकडे जा. परत बोलवायला नको. नुसतं जा आणि तेव्हा विचारलं नाहीस ते आता विचार. खाणावळीतही सगळ्यांना सांग, आईने मीठ घातलं होतं. मीच येऊन सांगितलं असतं, पण तू सांगावंस असं मला वाटतं.

मी येत्या रविवारी घरी येते. तुला माफ केलं असं लिहिलं तर तेही खोटंच होईल, आणि तू मला करावंस असं मागायला मला तोंड नाही. आपण दोघींनी एकमेकींना फसवलं. माझं आधीचं आणि मोठं. पण म्हणून तुझं दुखत नाही असं नाही. नोव्हेंबरातला तो घास अजून माझ्या दाताखाली आहे.

वजन ताईकडे अर्धा किलो वाढलं, हे डॉक्टरांना सांग. ते जांभळं फळ मी परवा खाल्लं. चमचा तोंडात जायच्या आधी ताईने सगळं सांगितलं. आधी गोड, मग थोडं तुरट, मग साबण. ती सांगत होती आणि मी चावत होते. काही लागलं नाही. पण त्या फळाच्या मागे आता ताई आहे, म्हणून गिळता आलं.

तेव्हा रविवारी तुला जे वाढायचं ते वाढ. अळंबी वाढ, ते काळं समुद्रातलं वाढ. खाईनच असं नाही. वही मात्र जाळून टाक. ताट पुढे आलं की मी विचारीन, यात काय आहे? भांडी पुसणं थांबव, माझ्यासमोर बस आणि सांग.

तुझी,
आई